डोळ्यामागची नस आणि पांढऱ्या गोळ्या

मी तेव्हा सणसवाडीच्या एका कारखान्यात हार्नेसच्या लाईनवर कामाला होते. हार्नेस म्हणजे गाडीच्या पोटात पसरलेला वायरींचा जुडगा. समोर मोठा उभा बोर्ड, त्यावर खिळे, आणि रंग बघून एकेक वायर तिच्या जागेला बसवायची. लाईनवर बहुतेक सगळ्या मुलीच होत्या. राहायला मी शिक्रापुरात, हायवेपासून जरा आत, एका भाड्याच्या खोलीत. माझ्यासोबत परभणीकडची एक मुलगी राहायची. लाईनवरही ती माझ्या शेजारच्याच बोर्डावर असायची. त्यामुळं झोपेतून उठल्यापासून परत झोपेपर्यंत आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. घरी दौंडला आई एकटी.

एप्रिलचे दिवस होते. चार-पाच दिवसांपासून माझा डावा डोळा दुखत होता. समोर बघितलं तर काही नाही, पण नजर बाजूला वळवली की डोळ्याच्या मागं, खोल कुठंतरी ओढल्यासारखं व्हायचं. ट्रकांच्या धुळीचं असेल म्हणून मी गार पाण्याचे हबके मारून गप्प होते.

त्या दिवशी पत्र्याखाली फार उकडत होतं. घामाचा थेंब उजव्या डोळ्यात गेला, झोंबलं, म्हणून मी मनगटानं तो डोळा दाबून धरला. हातात लाल वायर होती. मी ती नुकतीच लाल म्हणून उचलली होती. एकट्या डाव्या डोळ्यानं बघितलं, तर ती तपकिरी दिसली. मळकी, रंग उडालेली. सगळ्या शेडमध्येच कुणीतरी धूर सोडल्यासारखं दिसत होतं.

मला वाटलं वायर चुकली. उजवा डोळा उघडला तर लाल. झाकला तर तपकिरी.

"काय करायलीस गं?" शेजारून मैत्रिणीनं विचारलं.

मी वायर तिच्यापुढं धरली. "ह्याचा रंग सांग."

"लाल."

"मला तपकिरी दिसतीय. ह्या डोळ्यानं."

ती हसली नाही. पुढं आली, स्वतःच्या तळहातानं माझा उजवा डोळा झाकला आणि बोट नाचवून विचारलं, "माझं बोट दिसतंय?" बोट दिसत होतं, पण मधोमध डाग पडल्यासारखं. तिचा चेहरा तर मला ओळखूच येत नव्हता. मी तसं म्हटल्यावर तिनं लाईन लीडरला हाक मारली. माझ्यासाठी गेटपास मागितला आणि स्वतःसाठीही. लीडर म्हणाली, दोघी कशाला? तर ही म्हणाली, "रस्ता हायवेचा आहे, मॅडम. तिला एका डोळ्यानं कसं सोडू?" दोघींची सुट्टी झाली. तिचा त्या महिन्याचा हजेरी बोनस बुडाला, ते मला फार पुढं कळलं, तेही दुसरीकडून.

शिरूरला डोळ्यांच्या एक डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत असं आम्हाला घरमालकिणीनं सांगितलं. दुपारच्या एसटीनं गेलो. दवाखान्यात मोतीबिंदूचे म्हातारे आबा, आज्या रांगेनं बसलेले, सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले. मी एकटीच तरण्या वयाची.

बाईंनी आधी तक्ता वाचायला लावला. उजव्या डोळ्यानं शेवटपर्यंत वाचला. डाव्यानं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं दिसलं, तेही मान वाकडी करून. मग त्यांनी खोली अंधारी केली, टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्या डोळ्यावर आणि परत, अशी कितीतरी वेळा फिरवली. औषधाच्या बाटलीचं लाल टोपण दोन्ही डोळ्यांपुढं धरून विचारलं. आत वाकून भिंगातून बघितलं. शेवटी दिवा लावला आणि म्हणाल्या, "काम काय करतेस?"

मी सांगितलं.

"मग तुला समजायला सोपं. वायरीच्या वरचं प्लॅस्टिक सोललं गेलं तर काय होतं?"

"करंट नीट जात नाही. नाहीतर शॉर्ट होतं."

"डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी एक नस असते. तिच्यावरही तसंच वेष्टण असतं. तुझ्या त्या नसेला सूज आलीय. तुझा डोळा चांगला आहे. त्याला दिसलेलं वर पोचत नाहीये."

माझ्या तोंडातून आलंच, "मी आंधळी होणार का?"

त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "बहुतेकांची नजर परत येते. औषध न देताही पुष्कळदा येते, पण वेळ लागतो. सलाईनमधून स्टेरॉइड दिलं तर लवकर येते. अगदी पहिल्यासारखी होईलच असं वचन मी देत नाही. पण तू वेळेवर आलीस."

तीन दिवस शिरेतून औषध, त्यानंतर गोळ्या. आधी रक्त, साखर, छातीचा फोटो, सगळं तपासायचं. पुण्याला जाऊन डोक्याचा एमआरआयही करायचा. त्यांनी विचारलं, ॲडमिट कुठं होशील? सोबत कोण आहे? मी म्हटलं, आई दौंडला आहे. त्यांनी तिथल्या त्यांच्या ओळखीच्या एका फिजिशियनना माझ्यासमोर फोन लावला आणि माझी सगळी हकीकत सांगितली. रांगेतल्या आज्या दारातून डोकावत होत्या. फोन होईपर्यंत त्यांनी कुणाला आत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी दौंडला गेलो. न्हावऱ्यावरून, पारगावचा भीमेचा पूल ओलांडून, केडगाव करत एसटी जाते. मैत्रीण सगळ्या वाटेत मला खिडकीबाहेरचं दाखवत होती. ऊस दिसतो का, बोर्ड वाचता येतो का. मला बोलावंसं वाटत नव्हतं. मनात एकच होतं, आईला कसं सांगायचं.

आई रेल्वेतल्या एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून द्यायची. आम्ही पोचलो तेव्हा तिची डाळ उकळत होती. डोळ्याचं ऐकून ती घाबरली, पण स्थिर राहिली. मला जवळ घेऊन पापणी वर करून बघितली. "बरा तर दिसतोय," म्हणाली. मग औषध काय सांगितलं ते विचारलं.

"स्टेरॉइड," मी म्हटलं.

आईनं गॅस बंद केला. "ते न्हाई घ्यायचं."

"आई, डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

"म्हनू दे. त्याच औषधानं तुझा बाप गेला."

हे मैत्रिणीला मागून सांगावं लागलं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, भुसाराच्या आडतीवर हमाल होते. पोत्यांच्या धुळीनं त्यांना दमा लागला. एक जण स्वतःला डॉक्टर म्हणवून बाजारच्या दिवशी यायचा. तो कागदाच्या पुडीत पांढऱ्या गोळ्या द्यायचा. पुडीवर नाव नाही, गाव नाही. पण गोळ्यांनी दादांचा दमा एकदम बसला. ते परत पोती उचलायला लागले, भूक वाढली, चेहरा गरगरीत झाला. आम्हाला वाटलं, तब्येत सुधारली. साल-दीड साल असं गेलं. मग पाय सुजले, अंगावर कातडी फाटल्यागत वळ उठले. कुणीतरी आईला सांगितलं, ह्या स्टेरॉइडच्या गोळ्या, विष आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा अंथरुणाला खिळले. उलट्या, गळाठा, डोळे उघडवेनात. दवाखान्यात नेलं त्याच रात्री गेले. मी तेव्हा सातवीत होते.

आई त्या रात्री जेवली नाही. मैत्रीण मात्र जेवली, आणि जेवता जेवता म्हणाली, "मावशी, औषध उद्या नका देऊ. पण डॉक्टरला जाऊन भांडा तरी. इथं बसून कुणाशी भांडणार?" आईला ते पटलं असावं.

दौंडचे ते डॉक्टर वयानं मोठे, सावकाश बोलणारे होते. आईनं आत गेल्या गेल्या उभ्यानंच सुरुवात केली. "माझ्या मालकाला ह्यानंच मारलं. आता पोरीला देता व्हय?"

डॉक्टरांनी तिला बसायला सांगितलं आणि वडिलांबद्दल एकेक विचारत गेले. दमा कधीपासून, गोळ्या किती दिवस, चेहरा कसा झाला होता. आई सांगत गेली. मग त्यांनी विचारलं, "शेवटी गोळ्या बंद कशा झाल्या?"

आई म्हणाली, "म्या फेकल्या. विष हाय म्हनले लोक. सगळी पुडी उकिरड्यावर टाकली. त्यांनी मागितली तरी दिली न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत ती ते कुणापाशी बोलली नव्हती.

 मग डॉक्टरांनी सांगितलं की हे औषध शरीर स्वतःही थोडं थोडं बनवत असतं. बाहेरून खूप महिने मिळालं की शरीर आपलं काम सोडून देतं. म्हणून अशा गोळ्या एकदम थांबवत नाहीत, हळूहळू उतरवतात. ते नीट, साध्या शब्दांत सांगत होते आणि मी आईकडं बघत होते. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

"म्हंजी... म्याच की वो..."

"ऐका," डॉक्टर म्हणाले. टेबलाच्या मागून उठून ते तिच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. "त्यांना नेमकं काय झालं ते आज मला सांगता येणार नाही. दमाच उलटला असेल, दुसरंही काही असेल. पण तुम्ही त्या गोळ्या फेकल्या त्या त्यांना वाचवायला. पुडीवर नाव लिहिलेलं नव्हतं. एकदम बंद करू नका हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ज्यानं दिल्या त्यानं सांगायला पाहिजे होतं. तो दोष त्याचा आहे, बाई. तुमचा नाही."

आई पदर तोंडाला लावून रडली. मी तिला एवढं रडताना दादांच्या वेळीही बघितलं नव्हतं. बाहेर पेशंट ताटकळत होते. डॉक्टर तसेच बसून राहिले. सिस्टरनं पाणी आणून दिलं.

"हिचं मी तुम्हाला सगळं सांगतो," ते मग म्हणाले. "औषधाचं नाव, किती द्यायचं, कशासाठी, आणि कसं उतरवायचं. विचारायचं ते विचारा."

आईनं डोळे पुसले. "सांगा," म्हणाली. आणि तिनं विचारलंही. पोरीला पुढं लेकरं होतील का, हाडं ठिसूळ होतील का, साखर लागंल का. एकाही प्रश्नाला ते हसले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "करा चालू."

त्याच दिवशी संध्याकाळी तपासण्यांचे रिपोर्ट आले आणि सलाईन लागलं. औषध अंगात जायला लागलं की तोंडात लोखंडाची चव यायची, पावसात गंजलेली कडी चाटल्यासारखी. चेहरा तापायचा. छाती धडधडायची. सिस्टर नाडी बघून जायची. औषध शिरेतून आणि तेही एवढं जोराचं म्हणून त्यांनी माझ्याकडं फार लक्ष ठेवलं होतं. झोप मात्र उडाली. आणि मी बोलायला लागले. आई सांगते, त्या तीन दिवसांत मी जेवढं बोलले तेवढं जन्मात बोलले नसेन. कारखान्यातलं, खोलीतलं, शाळेतलं, सगळं. आई म्हणायची, "जरा दम घे की," पण उठून जायची नाही. डबे तिनं त्या दिवसांत शेजारच्या वहिनींना करायला लावले होते.

दुखणं आधी गेलं. दुसऱ्या सलाईननंतर डोळा फिरवला तरी ओढ लागेना. दिसण्यात मात्र लगेच फरक नव्हता. मी सारखी एक डोळा झाकून भिंतीकडं, पंख्याकडं, आईकडं बघायची. डॉक्टर म्हणाले, "बी पेरून रोज उकरून बघतात का? राहू दे त्याला." एमआरआयलाही आम्ही जाऊन आलो. त्यात काळजीचं दुसरं काही निघालं नाही, तेव्हा आईनं पुण्याहून परत येताना गाडीत पहिल्यांदा पोटभर झोप काढली.

मग घरी गोळ्या सुरू झाल्या. पांढऱ्याच. आईनं पहिल्या दिवशी त्यातली एक तळहातावर घेऊन किती वेळ बघितली.  मला नाश्ता दिला आणि वर गोळी दिली.

आता त्या दिवसांतलं आठवलं की मला हसू येतं ते भुकेचं. मला अशी भूक लागायची की ताटावरून उठताना पुढच्या जेवणाचा विचार सुरू व्हायचा. आणि आईला सांगितलेलं की मीठ कमी, साखर कमी. जी बाई दहा जणांचे चमचमीत डबे करायची, तिच्या घरात माझ्यासाठी अळणी वरण. ती लिंबू पिळायची, लसूण ठेचून फोडणी द्यायची, कोथिंबीर घालायची, पण अळणी ते अळणीच. त्यात बुद्धपौर्णिमा आली. आमच्या वस्तीत त्या दिवशी घरोघर खीर असते. सगळ्या बाया पांढरी लुगडी नेसून विहारात गेल्या होत्या, मीही गेले. वंदना चालू होती आणि माझं सगळं ध्यान मागच्या पातेल्याकडं. आईनं डोळे मिटूनच माझ्या मांडीवर चापट मारली. खीर वाटायला लागले तेव्हा तिनं वाटणाऱ्याचा हात धरून माझ्या वाटीत दोनच चमचे पडू दिले. मी ती वाटी बोटानं पुसून खाल्ली.

चेहरा मात्र भरत चालला होता. गाल वर आले, हनुवटी गेली. वस्तीतल्या बाया कौतुकानं म्हणायच्या, "पोरगी आता कशी अंगानं भरली! स्थळं बघा की." आई हसून वेळ मारून न्यायची. मला आरशात बघवत नव्हतं. त्या चेहऱ्यात मला दादांचा शेवटचा चेहरा दिसायचा. एका सकाळी मी गोळी घेऊन परातीपाशी ठेवली आणि म्हटलं, "आजपासून नको. डोळा बरा वाटतोय आता."

आई भाकरी थापत होती. तशाच पिठाच्या हातानं उठली. "गप गिळ," म्हणाली. "डॉक्टर सांगतील तवा कमी करायची. एक दिस बी चुकवायची न्हाई." तिचा आवाज चढला होता. मी गोळी गिळली. ती जवळच बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "गाल काय, उतरतील. बापासारखी दिसतीस, त्यात वंगाळ काय हाय? देखना होता तो."

त्या दिवशी मला तिनं दादांचं पुष्कळ सांगितलं. ते पोतं पाठीवर घेऊन शीळ वाजवायचे. लग्नात त्यांच्या पायात दुसऱ्याची चप्पल होती आणि ती चावत होती. तोवर आमच्या घरात दादांचा विषय निघाला की आई कामाला उठून जायची. मला माझे वडील त्या उन्हाळ्यात परत मिळाले, असं मी म्हणेन.

गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा कमी कमी होत गेल्या. नजर कधी आली ते मला नेमकं सांगता येणार नाही. एके दिवशी दारात उभी राहून डावाच डोळा उघडा ठेवून बघितलं, तर समोरच्या घरावरचा नंबर वाचता आला. आठवड्याच्या सुट्टीला मैत्रीण आली ती रंगीत बांगड्यांचा डझन घेऊन, आणि एकेक पुढं धरून मला रंग विचारत बसली. हिरवा आला, निळा आला, पिवळा आला. लाल जरा फिका, पण लालच. तिनं सगळ्या बांगड्या माझ्या हातात चढवल्या.

जूनमध्ये शिरूरला दाखवायला गेले तेव्हा आई सोबत होती. डॉक्टरीणबाईंनी तक्ता लावला. शेवटची ओळ सोडून सगळा वाचला. त्या म्हणाल्या, थोडा फरक राहील. खूप ऊन लागलं, अंग तापलं, की त्या डोळ्यात जरा धुरकट येईल, घाबरायचं नाही, गार झालं की जाईल. आणि परत कधी डोळा दुखला तर त्याच दिवशी यायचं. आईनं त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी नेली होती. बाईंनी डबा उघडून तिथंच बोट लावून चाखली. "तिखट आहे," म्हणाल्या आणि डबा आपल्या पर्समध्ये ठेवला.

मी कामावर परत गेले. पुढं त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर आले, मग लग्न होऊन केडगावला आले. गाल उतरले, मूल झालं, डोळा आजवर परत दुखला नाही. उन्हात चालून आले की डावीकडचं जग थोडं फिकं होतं, तेवढंच. मैत्रीण परभणीला परत गेली. तिचा फोन येतो आणि पहिलं वाक्य अजून तेच असतं, "डोळा काय म्हणतो?"

आईनं मात्र त्या वर्षापासून एक काम लावून घेतलं. वस्तीत कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या दम्याला अशी बिननावाची पुडी दिसली की ती बसून चौकशी करायची. बंद कर असं कधीच म्हणायची नाही. "एकदम सोडू नगं, चल माझ्यासंगं," म्हणायची आणि पुडीसकट त्या माणसाला दौंडच्या डॉक्टरांकडं घेऊन जायची. शेजारच्या एका म्हाताऱ्या आज्जींना तर तिनं हातगाडीवर बसवून नेलं होतं.

काही वर्षांनी मी माहेरी आले होते, तेव्हा ते डॉक्टर मला दौंडच्या भाजीबाजारात भेटले. दवाखाना त्यांनी सोडला होता, हातात मेथीची जुडी होती. मी वाकून नमस्कार केला, ओळख सांगितली. सलाईन, डोळा, सगळं. त्यांना काही आठवेना. मग मी म्हटलं, "डबे करणाऱ्या बाईंची मुलगी."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "असं सांग की! त्या बाईंनी मला किती पेशंट आणून दिले! आणि प्रत्येकाच्या वेळी आत येऊन मला बजावायच्या, डॉक्टर, ह्याला नीट समजावून सांगा. कशा आहेत त्या?"

बऱ्या आहेत, म्हटलं. अजून डबे करतात. ते मेथी घेऊन गेले. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती माझ्यावरच चिडली.

"एवढा मानूस भेटला आन् घरी आनला न्हाईस? निदान चहा तरी पाजायचा!"